ताशी दर किती द्यावा?



सामान्य काळातील पंचविसाव्या रविवारी, उपासनेच्या 'अ' वर्षात, आपण द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला ऐकतो (मत्तय २०:१-१६). हा दाखला ऐकताना पुष्कळांच्या कपाळावर आठी पडते. सकाळपासून उन्हात राबलेल्याला एक दिनार आणि संध्याकाळी पाच वाजता येऊन तासभर काम केलेल्यालाही एकच दिनार! आपल्यातले दुकानदार, केटरर्स तर मिस्सा संपल्यावर आवारातच म्हणतात, "फादर, असं केलं तर उद्यापासून सगळे पाच वाजताच कामावर येतील." हे हसत हसत बोलले जाते, पण त्याच्यामागचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या हाताखाली काम करणाऱ्याला तासाला किती द्यावे? आणि ते ठरवायचे कशावरून?

हा प्रश्न आता आपल्या धर्मग्रामात घरोघरी आला आहे. दोन पिढ्यांपूर्वी वसईतला ख्रिस्ती माणूस एक तर स्वतःच्या वाडीत खपत असे किंवा मुंबईत नोकरीला जात असे. आज आपल्यात बेकरी चालवणारे आहेत, केटरिंग आणि मंडप-डेकोरेशनवाले आहेत, ब्युटी पार्लर, मेडिकल, किराणा दुकान, नर्सरी आहे, पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत गाळा घेऊन पाच-दहा माणसांना काम देणारे आहेत. ज्यांचा यांपैकी कोणताच धंदा नाही त्यांच्याही घरी धुणी-भांड्याला बाई येते, आजारी आजोबांजवळ बसायला कोणी तरी येते. म्हणजे धनी आणि कामगार ही दोन माणसे आपल्या चर्चमध्ये एकाच बाकावर गुडघे टेकतात. पुष्कळदा तर ती एकाच घरात असतात. आई पार्लरची मालकीण आणि मुलगा मॉलमध्ये ताशी पगारावर.

घरभेटीच्या वेळी आम्ही हा विषय काढला की एक उत्तर हमखास मिळते. "शेजारचा जे देतो तेच आम्ही देतो." दुसरे उत्तर थोडे त्रासून येते. "दहा रुपये जास्त मिळाले की मुलगा दुसरीकडे पळतो, म्हणून आम्हालाही वाढवावे लागते." दोन्ही उत्तरे प्रामाणिक आहेत. बाजारातला दर बघून पगार ठरवणे हे पाप नव्हे. जो शेजाऱ्यापेक्षा कमी देईल त्याच्याकडे चांगला माणूस टिकणार नाही, हे व्यवहारज्ञान आहे आणि या चढाओढीमुळे कित्येकांचे पगार वाढलेही आहेत. पण बाजार आपल्याला एवढेच सांगतो की माणूस किती पैशांत कामावर येईल. तेवढ्या पैशांत त्याचे घर चालेल का, हे बाजार सांगत नाही. तो प्रश्न विचारण्याचे काम बाजाराचे नाही, ते आपले आहे.

१५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक काढले, तेव्हा त्यांच्यासमोर नेमका हाच युक्तिवाद होता. युरोपातील कारखानदार म्हणत, मी दर सांगितला, कामगाराने तो मान्य केला, करार झाला. यात अन्याय कुठे? पोप महोदयांनी उत्तर दिले की नुसत्या मान्यतेने मजुरी न्याय्य ठरत नाही. काम हे माणसाचे स्वतःचे आहे, तसेच ते त्याच्या जगण्याचे एकमेव साधनही आहे. साध्या राहणीच्या, वायफळ खर्च न करणाऱ्या कामगाराचा निर्वाह होईल इतकी मजुरी ही कोणत्याही करारापेक्षा जुन्या अशा नैसर्गिक न्यायाची मागणी आहे. भुकेपोटी किंवा याहून वाईट वेळ येईल या भीतीपोटी माणसाने कमी दर पत्करला, तर तो त्याच्यावर झालेला बलात्कार आहे, करार नव्हे. आज कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथातही हीच शिकवण आहे, आणि मजुराची मजुरी बुडवणे हे पाप तिथे देवाकडे आक्रोश करणाऱ्या पापांमध्ये, खुनाच्या शेजारी, ठेवलेले आहे.

या शिकवणीला 'हे रोमचे बोलणे, इथे काय त्याचे' असे म्हणून टाळता येत नाही. १९८२ साली दिल्लीत एशियाडची बांधकामे चालू असताना तिथल्या मजुरांच्या प्रश्नावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत जो राबतो तो गरिबीच्या सक्तीने राबतो, म्हणून ती राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध केलेली वेठबिगारीच होय, असे न्यायालयाने म्हटले. पोप लिओंच्या आणि न्यायमूर्तींच्या मध्ये ९१ वर्षांचे अंतर आहे, धर्म वेगळा, देश वेगळा. पण 'त्याने होकार दिला होता ना' या सबबीला दोघांनीही एकाच ठिकाणी धरले आहे. मे २०२५ मध्ये नव्या पोप महोदयांनी लिओ चौदावे हे नाव घेतले, तेव्हा त्यामागचे एक कारण म्हणून त्यांनी याच परिपत्रकाची आठवण दिली होती.

पवित्र शास्त्र तर याबाबतीत फारच रोखठोक आहे. अनुवादाच्या २४ व्या अध्यायात आज्ञा आहे की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. आणि हा मजूर आपला भाऊबंद असो वा गावात आलेला परका असो, आज्ञा एकच आहे. उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, नेपाळमधून आलेली मुले आपल्या बेकरीत आणि गाळ्यात राबतात. त्यांना शास्त्राने नावानिशी नव्हे, पण अगदी स्पष्टपणे मोजले आहे. संत याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि तो आवाज देवाच्या कानी जातो. सिराकच्या ३४ व्या अध्यायात मजुराची मजुरी हिरावणाऱ्याला रक्त सांडणाऱ्याच्या पंक्तीला बसवले आहे.

सिराकच्या याच अध्यायाने एका धर्मगुरूचे आयुष्य बदलले. त्यांचे नाव बार्तोलोमे दे लास कासास. क्युबा बेटावर ते जमीनदारही होते आणि राजाच्या व्यवस्थेने त्यांच्या वाट्याला आलेले मूळ रहिवासी त्यांच्यासाठी राबत होते. १५१४ साली पेंटेकॉस्टच्या सणाच्या प्रवचनाची तयारी करताना त्यांच्यासमोर हा अध्याय आला. त्यांनी तो वाचला, त्यावर दिवसेंदिवस विचार केला आणि आपल्याकडच्या सर्व माणसांना मोकळे केले. उरलेले दीर्घ आयुष्य त्यांनी त्या लोकांची बाजू मांडण्यात घालवले. आम्हाला यात विशेष वाटते ते हे की ते वाईट धनी म्हणून प्रसिद्ध नव्हते. ते इतर सर्वांसारखे होते. शेजारचा जे करतो तेच करत होते.

आता पुन्हा द्राक्षमळ्याकडे येऊ. हा दाखला प्रथमतः देवाच्या कृपेविषयी आहे, ते मजुरीचे दरपत्रक नव्हे. हे आम्हीही मान्य करतो. पण प्रभूने कृपा समजावण्यासाठी जे चित्र निवडले ते बाजारात कामाची वाट पाहत उभ्या असलेल्या मजुरांचे आहे. सकाळी नालासोपारा-विरारच्या नाक्यांवरून गेलेल्यांना ते चित्र समजावून सांगावे लागत नाही. पाच वाजेपर्यंत उभ्या असलेल्यांना धनी विचारतो, दिवसभर रिकामे का? ते म्हणतात, कोणी कामच दिले नाही. म्हणजे ते आळशी नव्हते. त्यांनी एक तास काम केले, पण त्यांच्या घरी पोटे मात्र पूर्ण दिवसाची होती. एक दिनार म्हणजे त्या काळी मजुराच्या एका दिवसाची मजुरी. त्याच्या बाराव्या भागात घरची चूल किती वेळ पेटणार? धन्याने तास मोजले नाहीत असे नाही. त्याने चूलही मोजली. आणखी एक गोष्ट सहसा निसटते. त्याने संध्याकाळ होताच कारभाऱ्याला बोलावून पैसे वाटायला सांगितले. अनुवादातली आज्ञा त्याने अक्षरशः पाळली.

तासावर पगार देण्याची पद्धत मुळात वाईट नाही. कॉलेजात शिकणारा मुलगा, लहान मूल असलेली आई यांना ती सोयीची असते. पण तिच्यात एक खोच आहे. समजा, एखाद्या दुकानाने ताशी ७५ रुपये दर ठरवला. आठ तासांचे ६०० आणि २६ दिवसांचे १५,६०० रुपये होतात. कागदावर बरे दिसते. पण दुकानात गर्दी असते सकाळी दहा ते बारा आणि संध्याकाळी सहा ते आठ. म्हणून मुलीला तेवढ्याच वेळी बोलावले. तिचे चार तास भरले, महिन्याचे ७,८०० झाले. तिचा दिवस मात्र सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत दुकानाला बांधला गेला. मधल्या वेळात ती दुसरे काम धरू शकत नाही. दर शेजाऱ्याइतकाच, कदाचित पाच रुपये जास्तच, आणि तरी हातात निम्मा पगार. लग्नातल्या वाढप्यांचेही तेच. त्यांना चार वाजता बोलावतात, पाहुणे आठला येतात, भांडी आवरून सुटका रात्री एक वाजता, आणि हिशेब धरला जातो जेवणाच्या तीन तासांचा. थांबवून ठेवलेला तास हाही त्याच्या आयुष्यातला तास आहे, तो पगारात आला पाहिजे.

मग दर ठरवायचा कसा? बहुतेक जण आधी शेजारी बघतात, नंतर कायदा (तोही कोणी तपासायला आले तर) आणि कामगाराचे घर शेवटी, किंवा मुळीच नाही. आम्ही सुचवतो की हा क्रम उलटा करून पाहावा. आधी एक कागद घ्या आणि आपल्या कामगाराच्या घराचा हिशेब मांडा: खोलीचे भाडे, रेशन, गॅस, वीज, मुलांची फी, डॉक्टर, ट्रेनचा पास. हे काही भाबडेपणाचे नाही. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनासाठी हीच रीत घालून दिली होती. तीन प्रौढांएवढे अन्न, कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड, घरभाडे आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेंसाठी २० टक्के. पुढे १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी त्यात २५ टक्के भर घातली. येणारी रक्कम २६ दिवसांनी आणि आठ तासांनी, म्हणजे २०८ ने, भागा. ताशी दर मिळेल. तो आकडा पाहून दचकायला होईल हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही तो एकदा काढून बघावा.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. वेतन संहिता २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. सरकारने ठरवलेल्या किमान दराखाली कोणालाही ठेवता येत नाही. नेमलेल्या वेळेपलीकडच्या तासांना निदान दुप्पट दर द्यावा लागतो. वरच्या उदाहरणात ७५ ऐवजी १५०. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. काम सोडलेल्याचा किंवा काढलेल्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत. एकाच कामासाठी बाईला कमी आणि गड्याला जास्त असा भेद १९७६ च्या कायद्यापासूनच बंद झाला आहे, आपल्या वाड्यांमध्ये तो कधी बंद होणार हा प्रश्न आहे.

धंदा चालवणाऱ्यांची अडचण ख्रिस्तसभेला कळत नाही असे मात्र कोणी समजू नये. १९३१ साली पोप पायस अकरावे यांनी पगार ठरवताना तीन गोष्टी पाहायला सांगितल्या: कामगार व त्याचे कुटुंब, धंद्याची परिस्थिती आणि सर्वांचे हित. धंदा बुडेल इतका पगार मागणे हाही अन्याय आहे, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. धंदा बुडाला तर कामगारच आधी रस्त्यावर येतो. पण लगेच पुढे त्यांनी विचारले की धंद्याला पैसा कमी का पडतो? मालकाच्या आळसामुळे किंवा जुन्याच पद्धतीला चिकटून राहण्यामुळे पडत असेल, तर त्याची भरपाई कामगाराच्या पगारातून करता येत नाही. आणि माल अन्यायाने स्वस्तात विकावा लागतो म्हणून पडत असेल, तर तसे करायला लावणारेच दोषी आहेत.

हे शेवटचे वाक्य मालकांपेक्षा आपल्यासारख्या गिऱ्हाइकांना लागू आहे. मुलीच्या लग्नात केटररशी आपण ताटामागे २० रुपयांसाठी घासाघीस करतो आणि ते कमी करून घेतले की घरी येऊन कौतुकाने सांगतो. पाचशे ताटे म्हणजे १०,००० रुपये. ते कोठून आले? पनीरचा भाव कमी झाला नाही, सिलिंडरचा नाही. वीस वाढपी असतील तर प्रत्येकाचे ५०० रुपये गेले. त्याच लग्नात बँडवर आणि फटाक्यांवर काय गेले ते आम्ही इथे लिहीत नाही.

आणखी एक गोष्ट, आणि आमच्या मते आपल्या धर्मग्रामात सर्वांत जास्त दुखणारी हीच आहे. नवा मुलगा मिळत नाही म्हणून त्याला ताशी ८० रुपये कबूल केले जातात. बारा वर्षे त्याच काउंटरवर उभी असलेली, चाव्या जिच्याकडे असतात ती मावशी अजून ६० वर आहे, कारण ती कुठे जाणार नाही याची खात्री आहे. बाजाराच्या नियमाने हे बरोबर ठरते. जो जाऊ शकतो त्याला जास्त, जो जाऊ शकत नाही त्याला कमी. दाखल्यातल्या पहिल्या मजुरांची कुरकुर आपल्याला इथे आठवेल, पण दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. त्या धन्याने शेवटच्यांना जास्त दिले ते पहिल्यांचे काढून नव्हे. पहिल्यांना कबूल केलेली पूर्ण दिवसाची मजुरी त्यांच्या हातात पडली होती, ज्यावर घर चालत होते. मावशीच्या ६० रुपयांत घर चालत नाही. तिचा विश्वासूपणा हीच तिच्या पगारातली कपात झाली आहे. नव्याचा दर वाढवताना जुन्यांची यादी शेजारी ठेवून दोन्ही एकाच दिवशी वाढवावेत. हे महाग पडते हे खरे. चाव्या सांभाळणारे माणूस गेले तर काय पडते, तोही हिशेब करावा.

'आम्ही तिला अडीअडचणीला मदत करतो, दिवाळी-नाताळला साडी देतो, मुलाची वह्या-पुस्तके देतो', असेही ऐकू येते. ही माया खरी असते, आम्ही पाहिली आहे. पण १९३७ साली पोप पायस अकरावे यांनीच लिहून ठेवले आहे की जे न्यायाने कामगाराचे आहे ते त्याला भीक म्हणून देऊ नये. पगार पुरेसा असता तर वह्या तिने स्वतः आणल्या असत्या, आणि साडी ही खरोखरची भेट ठरली असती. संत विन्सेंट डी पॉल संस्थेच्या पेटीत आपण रविवारी पैसे टाकतो. त्या पेटीतून ज्यांच्या घरी रेशन जाते त्यांतले काही आपल्याच कोणाकडे तरी कामाला आहेत का, हे एकदा पाहायला हवे.

चर्चलाही यातून सूट नाही. १९७१ च्या बिशपांच्या जागतिक परिषदेने सांगितले की जो न्यायाविषयी बोलतो तो आधी लोकांच्या नजरेत न्यायी असला पाहिजे, आणि चर्चसाठी काम करणाऱ्यांच्या पगाराचाही तिथे विचार झाला. सांक्रिस्ताव, माळी, सफाई कामगार, कार्यालयातील मदतनीस यांचे पगार वरच्या मापाने तपासावेत, असा विषय आम्ही धर्मग्राम परिषदेच्या पुढील बैठकीपुढे ठेवत आहोत. हिशेब काय निघतो ते याच पत्रकात छापले जाईल.

आज रविवार आहे आणि आपल्यापैकी बरेच जण सुट्टी म्हणून निवांत मिस्साला आले आहेत. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची ही सुट्टी १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मिळाली. पुढे १९२० मध्ये देशातील पहिली मोठी कामगार संघटना उभी राहिली, तेव्हा तिच्या संस्थापकांत माझगावचे आपले ख्रिस्ती बांधव काका बॅप्टिस्टा होते. मात्र आज याच वेळी काही जण केटरिंगच्या भट्टीपाशी आणि दुकानाच्या काउंटरवर उभे आहेत. ज्यांच्या कामगारांना रविवारी यावेच लागते त्यांनी निदान मिस्साच्या वेळेपुरते त्यांना मोकळे सोडावे, आणि तो तास पगारातून कापू नये.

राज्य शासनाने आपल्या भागासाठी ठरवलेल्या किमान वेतनाचे दरपत्रक पुढच्या रविवारपासून कार्यालयाबाहेरील फलकावर लावले जाईल. महागाईनुसार विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलत आला आहे, तो बदलला की नवे पत्रक लावू. ज्यांना आपल्या दुकानाचा किंवा गाळ्याचा हिशेब मांडायला मदत हवी असेल, किंवा ज्यांची मजुरी कुठे अडकली असेल, त्यांनी शनिवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर भेटावे. नाव बाहेर जाणार नाही.